मिडोरी आणि व्होडका: घरच्या ग्लासात हिरवा रंग हवा असेल तर

मिडोरी ही खरबुजाच्या वासाची हिरवी, गोड दारू नुसती पिण्यासाठी घेणार असाल तर पैसे वाचवा. बर्फावर ओतून प्यायली तर दोन घोटांत जीभ चिकट होते आणि तिसरा घोट नकोसा वाटतो. ही बाटली मिसळण्यासाठीच आहे. व्होडका, लिंबू आणि भरपूर बर्फ सोबत असेल तर घरच्या कॉकटेलमध्ये असा रंग आणि असा वास दुसरी कुठलीही एक बाटली देत नाही. त्यामुळे ही पारख बाटलीची जितकी आहे तितकीच तिच्याशी काय आणि किती मिसळायचं याची आहे, कारण मिडोरीबद्दलच्या निम्म्या तक्रारी खरं तर चुकलेल्या मापाच्या असतात.

आधी बाटलीविषयी. सनटोरी या जपानी कंपनीची ही खरबुजाची, म्हणजे मेलन लिकर. लिकर म्हणजे साखर घातलेलं सुगंधी मद्य. १९७८ साली न्यूयॉर्कच्या स्टुडिओ ५४ या डिस्कोत तिचं अमेरिकेतलं पदार्पण झालं आणि तिथून ती जगभरच्या बारमध्ये पोचली. अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे व्होडकाच्या निम्म्याहून कमी. झाकण उघडल्यावर पहिला वास पिकलेल्या खरबुजाचा येतो, त्यामागे केळ्याची हलकी छटा, आणि शेवटी लहान मुलांच्या गोळ्यांसारखा गोडसर सुगंध. चवीत साखर पुढे, आंबटपणा जवळजवळ शून्य. हा शून्य लक्षात ठेवा, पुढची सगळी कृती त्याच्याभोवती फिरते. हिरवा रंग फळाचा नाही, पिवळा आणि निळा खाद्यरंग मिळून तो होतो. टार्ट्राझिन या पिवळ्या रंगाची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी लेबल वाचूनच पुढे जावं.

नाशिकमध्ये ती प्रत्येक वाइन शॉपमध्ये मिळेलच असं नाही. कॉलेज रोड, गंगापूर रोड या भागांतल्या मोठ्या दुकानांत आधी विचारावं. फळीवर नसेल तर मागवून देतात का, तेही विचारायला हरकत नाही. आयात माल असल्याने ती देशी व्होडकाच्या तुलनेत बरीच महाग पडते. बिल घ्या, सील आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचं लेबल नीट पाहून घ्या. स्वस्त पडते म्हणून दमण किंवा सिल्वासाहून बाटल्या आणण्याची टूम नाशिककरांना नवी नाही, पण परवान्याशिवाय परराज्यातली दारू महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे आणि गाडी वाटेत तपासली जाऊ शकते. आपल्याकडे स्पिरिट म्हणजे व्होडकासारख्या कडक दारूसाठी वयाची अट २५ वर्षं पूर्ण अशी आहे आणि मद्यपानाचा परवानाही लागतो. घरी पार्टी ठेवणाऱ्याने पाहुण्यांच्या यादीत कॉलेजची मुलं असतील तर हे आधीच पाहावं.

व्होडका कोणती, यावर फार डोकं खाजवू नका. मेलन लिकरच्या गोडव्यापुढे महागड्या व्होडकाचा बारकावा टिकत नाही. साधी स्मरनॉफ किंवा मॅजिक मोमेंट्स पुरेशी आहे. फक्त प्लेन घ्या. ग्रीन ॲपलची व्होडका आणि मेलन लिकर एकत्र आली की दोन अत्तरं एकमेकांवर शिंपडल्यासारखं होतं, ना सफरचंद कळतं ना खरबूज. लेबलवरचा आकडाही बघा: भारतात बनणाऱ्या बऱ्याच व्होडका ४२.८ टक्क्यांच्या असतात, परदेशी बहुतेक ४० च्या. व्होडकाचं काम या ग्लासात दोनच, जोर देणं आणि लिकरचा घट्टपणा पातळ करणं. चव ती देत नाही. म्हणून ग्लास बेचव लागला तर व्होडका वाढवून उपयोग नाही, लिंबू वाढवायचं.

मूळ प्रमाण हे: व्होडका ३० मिली, मेलन लिकर ३० मिली, ताज्या लिंबाचा रस १५ मिली. पेग मेजरने मोजा, अंदाजाने ओतू नका. लिकर ३० ऐवजी ४५ मिली पडली तर १५ मिली लिंबू तिला पुरत नाही आणि पेय सरबताकडे झुकतं. आपलं कागदी लिंबू चांगलंच आंबट असतं. मध्यम आकाराच्या एका लिंबातून १० ते १५ मिली रस निघतो, म्हणजे एका ग्लासाला एक लिंबू धरावं, उन्हाळ्यात लिंबं कोरडी येतात तेव्हा दीड. रस गाळून घ्या, गर राहिला तर हिरवा रंग गढूळ दिसतो. बाटलीतलं लाइम कॉर्डियल, म्हणजे लिंबाचं सिरप, इथे चालत नाही, कारण तेही गोडच. चिमटीत जेमतेम मावेल इतकं सैंधव मीठ घाला. खरबुजाच्या फोडीवर आपण मीठ भुरभुरतो त्याच कारणासाठी: मिठाने फळाचा वास पुढे येतो.

आता हलवणं. शेकर नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा किंवा रुंद तोंडाची काचेची बरणी चालते. भांडी बाजारातल्या फिरकीच्या झाकणाच्या डब्यांनी हे काम छान होतं, फक्त झाकणाला रबराची चकती आहे ना ते बघा. डबा दोन तृतीयांश बर्फाने भरा, वर तिन्ही द्रव ओता, झाकण लावून १० ते १२ सेकंद जोरात हलवा. डब्याच्या बाहेरून पांढरं दव धरलं आणि हाताला चटका बसू लागला की झालं. या बारा सेकंदांत साधारण २० ते २५ मिली पाणी वितळून पेयात उतरतं आणि ते हवंच असतं. त्या पाण्याशिवाय पेय उग्र आणि चिकट लागतं. मात्र अर्धा मिनिट हलवलंत, किंवा बर्फ आधीच पाघळलेला असेल, तर हे पाणी वाढतं आणि रंगासकट चव फिकी पडते. एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या ओट्यावर बर्फ पाच-सात मिनिटं जरी राहिला तरी तो वरून ओला होतो. म्हणून आधी लिंबं पिळा, मापं काढा, ग्लास मांडा, आणि बर्फ अगदी शेवटी फ्रीझरमधून काढा.

बर्फाबद्दल आणखी थोडं, कारण घरच्या कॉकटेलचा घात बहुतेक वेळा इथेच होतो. उघडा ट्रे फ्रीझरमध्ये असेल तर बर्फाला मासळीचा, मटाराचा, मसाल्याचा वास लागतो, आणि मेलनसारख्या हलक्या वासाच्या पेयात तो लगेच कळतो. ट्रे झाकून ठेवा आणि बर्फ एक-दोन दिवसांतला वापरा. मोठे चौकोनी तुकडे हवेत, लहान तुकडे आणि चुरा चटकन वितळतो. बर्फ कारखान्याची लादी फोडून वापरू नका, ती माल गार ठेवण्यासाठी असते, खाण्यासाठी नाही. मोठी पार्टी असेल तर खाण्याच्या बर्फाच्या सीलबंद पिशव्या घ्या.

नाशिकमध्ये बर्फाला एक सुरेख जोड मिळते: गोठवलेली द्राक्षं. जानेवारी ते एप्रिल हंगामात थॉमसन किंवा सोनाका जातीची हिरवी द्राक्षं घडावरून सोडवून कोमट पाण्यात नीट धुवा, फडक्याने पूर्ण कोरडी करा आणि ताटात एकेक सुटी पसरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. ओली ठेवलीत तर त्यांचा एकच गोळा होतो. सकाळी पिशवीत भरून ठेवली की काही महिने टिकतात. ग्लासात सहा-सात द्राक्षं टाकली तर पेय गार राहतं, पाणी सुटत नाही, आणि हिरव्या पेयात हिरवे मणी दिसतात. काळी शरद द्राक्षंही देखणी दिसतात. मात्र द्राक्षं एकट्याने पेय थंड करू शकत नाहीत, आधी बर्फावर हलवून घेतलेलंच पेय त्यांच्यावर गाळायचं. तळाशी उरलेली द्राक्षं लिंबू-लिकर पिऊन झकास झालेली असतात. लहान मुलांच्या हाती ती लागणार नाहीत एवढं बघा.

गाळल्यावर वरून ५० ते ६० मिली गार सोडा घाला आणि चमच्याने एकदाच खालून वर हलवा. सोडा डब्यात घालून हलवायचा नाही, झाकण उडतं आणि सगळं अंगावर येतं. सोड्याऐवजी लिंबाचं कोल्ड्रिंक घातलं तर साखर पुन्हा वाढते. घालायचंच असेल तर लिंबाचा रस २० मिलीवर न्या.

आता फळांचे रस. मेलन लिकरमध्ये संत्र्याचा रस घालून केलेलं ‘मेलन बॉल’ हे जुनं प्रसिद्ध कॉकटेल आहे. त्यात लिकर व्होडकाच्या दुप्पट असते आणि आपल्याकडचा पाकिटातला संत्र्याचा रस बहुधा गोड असतो, म्हणून ते घरी फार गोड होतं. व्होडका ३०, लिकर ३०, संत्र्याचा रस ६०, लिंबू १० मिली असं केलं तर तोल राहतो. नागपुरी संत्री हाताशी असतील तर उत्तम. मोसंबीचा रस काढून ठेवू नका, अर्ध्या तासात तो कडवट व्हायला लागतो. अननसाचा रस खरबुजाशी फारच चांगला जमतो, पण हलवल्यावर जाड फेस येतो. तो आवडत नसेल तर ग्लासात शेवटी घाला.

ज्यांना एका ग्लासात वेगवेगळे थर हवेत त्यांची निराशा जिथे होते ती जागा नेमकी सांगतो. थर टिकतात ते द्रवांच्या वजनातल्या फरकावर. साखर द्रवाला जड करते, अल्कोहोल हलकं करतं. ग्रेनेडिन म्हणजे डाळिंबी रंगाचं सिरप सगळ्यात जड, व्होडका सगळ्यात हलकी. अडचण अशी की मेलन लिकर आणि फळांचा रस यांचं वजन जवळजवळ सारखं असतं. म्हणून लिकर रसावर ओता किंवा रस लिकरवर, दोन्ही हळूहळू एकमेकांत मिसळून पोपटी होतात आणि ओतणाऱ्याला वाटतं आपला हात चुकला. हात नाही, वजन चुकलेलं असतं. हिरवा थर वर हवा असेल तर ३० मिली लिकरमध्ये ३० मिली व्होडका आधीच मिसळून घ्या, मिश्रण रसापेक्षा हलकं होतं आणि तरंगतं. हिरवा थर तळाशी हवा असेल तर व्होडका त्यात न मिसळता लिकरमध्ये १० मिली साखरेचा पाक घाला, तो थर जड होऊन खाली बसतो. मग व्होडका रसात मिसळायची. एवढं एक कळलं की बाकी सगळं सोपं आहे.

तीन रंगांसाठी उंच सरळ ग्लास घ्या. तळाशी १० मिली ग्रेनेडिन. मग ग्लास काठोकाठ बर्फाने भरा. बर्फ कमी असेल तर ओतलेली धार थेट खाली जाते, भरपूर असेल तर बर्फावर अडून सावकाश उतरते. त्यावर ६० मिली गाळलेला आणि गार संत्र्याचा रस चमच्याच्या पाठीवरून सोडा. शेवटी व्होडका आणि लिकरचं फ्रीजमध्ये गार केलेलं मिश्रण, त्यात लिंबाचा रस १० मिली घालून, तसंच चमच्याच्या पाठीवरून, अगदी बारीक धारेने. चमचा ग्लासच्या आतल्या कडेला टेकवा आणि त्याचं टोक रसाच्या पातळीला लागू द्या. तांबडा, केशरी, हिरवा असे तीन पट्टे दिसतात, त्यांच्या कडा मात्र विरघळलेल्या असतात आणि त्या तशाच सुंदर दिसतात. पाच-दहा मिनिटं ते टिकतात. म्हणून थरांचे ग्लास पाहुण्यांच्या समोरच भरा. पिताना मात्र ढवळावं लागतं, नाहीतर पहिला घोट नुसत्या व्होडका-लिकरचा आणि शेवटचा नुसत्या सिरपचा. ढवळलं की रंग मातकट होतो, हेही मान्य करूनच हा प्रकार करावा.

मातकट का, तर तांबडा आणि हिरवा मिसळला की तपकिरी होतो. याच कारणासाठी मेलन लिकरमध्ये क्रॅनबेरीचा किंवा डाळिंबाचा रस मिसळून हलवू नका. चवीला वाईट नसतं, पण ग्लास चिखलाच्या पाण्याचा दिसतो. रंग स्वच्छ ठेवायचा असेल तर हिरव्याच्या जोडीला पांढरं किंवा पिवळं घ्या: लिंबू, सोडा, अननस, शहाळ्याचं पाणी. शहाळ्याचं पाणी ६० मिली आणि वर सांगितलेलं मूळ प्रमाण, हा या सगळ्यांत सर्वांत चांगला ग्लास आहे. त्याचा रंग बाकीच्या ग्लासांपेक्षा थोडा फिका दिसतो, पण खरबुजाचा वास त्यात पुरता उमटतो.

बाटली मिळाली नाही किंवा परवडली नाही तर दोन पर्याय. पहिला, मोनिनसारख्या कंपनीचं हिरवं मेलन सिरप. त्यात अल्कोहोल नसतं, त्यामुळे ३० मिली लिकरच्या जागी १५ मिली सिरप घ्या आणि व्होडका ३० वरून ४५ मिलीवर न्या. जोर जवळपास तेवढाच राहतो. सिरपचा वास लिकरपेक्षा सपाट असतो, पण लिंबू आणि सोड्यात बहुतेकांना फरक कळणार नाही. घरात महिन्याकाठी एखादाच ग्लास होणार असेल तर आमच्या मते सिरपच घ्यावं. ब्लू क्युरासाव ही निळी लिकर आणि संत्र्याचा रस मिळूनही हिरवा रंग येतो, पण वास संत्र्याच्या सालीचा असतो. तो पर्याय रंगापुरताच.

दुसरा पर्याय खऱ्या खरबुजाचा, आणि उन्हाळ्यात नाशिकमध्ये राहून तो न करणं बरोबर नाही. देठाकडून वास येणारं, हातात जड लागणारं पिकलेलं खरबूज घ्या. अर्धा किलो गराचे लहान तुकडे काचेच्या बरणीत घालून वर ७५० मिली व्होडका ओता, तुकडे पूर्ण बुडले पाहिजेत. झाकण लावून फ्रीजमध्ये दोन ते तीन दिवस, रोज एकदा हलवून. मग बारीक गाळणीतून आणि नंतर मलमलच्या फडक्यातून गाळा. पिळू नका, पिळलं की गढूळ होतं. चौथ्या-पाचव्या दिवसापासून वास काकडीकडे जायला लागतो, म्हणून मुदत वाढवू नका. ही व्होडका हिरवी होत नाही. केशरी गराच्या खरबुजाची फिकट सोनेरी होते, हिरवट गराच्या खरबुजाची जवळजवळ पाण्यासारखी. गोडवाही नसतो. म्हणून ती ६० मिली, साखरेचा पाक १५ मिली आणि लिंबू २० मिली असं प्रमाण घ्या. लिकरच्या रंगाची हौस यात भागत नाही, पण फळाची चव खरी आहे. गाळल्यावर फ्रीजमध्ये ठेवून दोन आठवड्यांत संपवा. गर उकळून सिरप करायच्या भानगडीत पडू नका, खरबुजाला उष्णता लागली की त्याचा शिजलेल्या भोपळ्यासारखा वास येतो.

गोड पेय जोर लपवतं, म्हणून हिशेब स्पष्ट असू द्या. ४२.८ टक्क्यांची ३० मिली व्होडका म्हणजे १२.८ मिली शुद्ध अल्कोहोल, २० टक्क्यांची ३० मिली लिकर म्हणजे ६ मिली. एकूण १८.८ मिली, साधारण १५ ग्रॅम. म्हणजे ३० मिलीच्या मापाने एक ग्लास जवळजवळ दीड पेग व्होडकाइतका. दोन ग्लासांत तीन पेग होतात आणि सरबतासारखं लागल्यामुळे तिसरा ग्लास सहज मागितला जातो. रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही गाडी चालवण्याची कायद्याची मर्यादा आहे. एका ग्लासानंतरही चावी हातात घेऊ नये. न पिणाऱ्यांसाठी मेलन सिरप, लिंबू आणि सोडा असा बिनदारूचा ग्लास करा, पण तो वेगळ्या आकाराच्या ग्लासात द्या. रंग तोच असल्याने टेबलावर अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

सोबत खायला खारे शेंगदाणे, काजू, पनीर किंवा चीजचे तुकडे ठेवा. नाशिकचा तिखट चिवडा एरवी कितीही प्यारा असला तरी या पेयाबरोबर नको. तिखटाने जीभ पोळली की खरबुजाचा वास कळत नाही आणि मग फक्त गोडवा उरतो.

आठ जणांसाठी आधी करून ठेवायचं असेल तर जगमध्ये व्होडका २४० मिली, लिकर २४० मिली, गाळलेला लिंबाचा रस १२० मिली, गार पाणी २०० मिली आणि दोन चिमटी मीठ. पाणी का, तर इथे हलवताना वितळणारा बर्फ नाही, तेवढं पाणी आपणच द्यायचं. जग झाकून फ्रीजमध्ये किमान दोन तास. लिंबाचा रस त्याच दिवशीचा हवा, रात्री पिळून ठेवलेला दुसऱ्या दिवशी शिळा लागतो. ग्लासात द्राक्षं, त्यावर १०० मिली मिश्रण, वर सोडा. जगमध्ये सोडा कधीच घालू नका, शेवटच्या दोन ग्लासांना बुडबुडे उरत नाहीत.

उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, पण ऊन नको. खिडकीतल्या शोकेसमध्ये मांडली की रंग फिका पडतो. फ्रीझरमध्ये व्होडका ठेवलेली चालते, लिकर ठेवू नका, ती घट्ट होते आणि मापाला चिकटून राहते. प्रत्येक वेळी ओतून झाल्यावर बाटलीची मान आणि झाकणाचा आतला भाग ओल्या फडक्याने पुसा. तिथे साखर वाळली की झाकण घट्ट चिकटून बसतं आणि मुंग्या ओट्यावर येतात. उघडल्यापासून वर्षभरात बाटली संपवावी. त्यानंतर ती खराब होत नाही, पण ज्या वासासाठी एवढे पैसे मोजले तो निम्मा उरतो.